धरमपेठेचं स्थळ

रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या पुड्या घेऊन घरी आलो, तर भाचा फोनवर सांगत होता, "सर, दोन प्रॉस्पेक्ट आहेत. सीताबर्डीचा थंडा आहे, पण धरमपेठेचा एकदम हॉट." तांदूळ निवडणाऱ्या आईचा हात ताटलीतच थांबला. फोन ठेवल्याबरोबर तिनं विचारलं, "काहून रे, मुलगी काय करते?"

भाचा विमा विकतो. त्याच्या लेखी प्रॉस्पेक्ट म्हणजे पॉलिसी अजून घेतलेली नाही, पण 'नको' असंही म्हटलेलं नाही, असा माणूस. पण आईचंही चुकलं नव्हतं. इंग्रजीत उपवर मुलालाही प्रॉस्पेक्ट म्हणतात, आणि आपण स्थळ म्हणतो. मुळात हा शब्द लॅटिनमधल्या 'पुढे पाहणे' या क्रियापदातला. उंचावरून समोर दिसणारा देखावा हा त्याचा जुना अर्थ, आशा-बिशा नंतर चिकटली. म्हणजे प्रेक्षणीय स्थळच की! रामटेकचा गड आणि पुण्यातला इंजिनिअर, दोघांनाही एकच शब्द पुरवणारी आपली मराठी काही कमी नाही.

या शब्दावर खरा हक्क मात्र नागपूरचा आहे, असं बाबांचं मत. त्यांची अख्खी नोकरी खनिजं शोधण्यात गेली. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे, मॉईल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचंही इथेच. आणि ही मॉईल 1896 मध्ये सुरू झाली ती 'सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' या नावानं. रामटेकच्या वाटेवर मनसरला आजही तिची मँगनीजची खाण आहे. प्रॉस्पेक्टिंगला सरकारी कागदावर 'पूर्वेक्षण' म्हणतात. पूर्व अधिक ईक्षण. आधी पाहून घेणे. सरकारी शब्द सहसा दातात अडकतात, हा मला आवडतो.

बाबांनी एकदा साइटवर कोअरची पेटी दाखवली होती. लांब कप्प्यांत ओळीनं ठेवलेले, जमिनीत खोल भोक पाडून काढलेले खडकाचे गोल दांडे, जाड काकडीएवढे, मध्ये मध्ये ठोकळ्यांवर खोलीचे आकडे. कित्येक मीटर नुसता करडा खडक आणि मग कुठे बोटभर काळा पट्टा. "हा प्रॉस्पेक्ट. खाण नव्हे," ते म्हणाले होते. बहुतेक ठिकाणी पट्टा मिळतो, खाण होत नाही. भोकं बुजवायची, पेट्या उचलायच्या, पुढच्या गावी निघायचं.

पोहे खाता खाता त्यांनी नातवाला विचारलं, "तुझा धरमपेठवाला किती मीटर खाली गेला?"

"दोनदा चहा झाला, आबा. पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय."

"मग वरची मातीच आहे अजून."

आईनं तांदळातला खडा चिमटीत धरून बाहेर टाकला. "जेवायला बोलावलंय ना," ती म्हणाली, "मग मुलगी आहे का त्यांना, तेवढं पाहून ये."