खाच कुठल्या बाजूला?

पहिला सर्किट बोर्ड जोडला आणि पॉवर सप्लायचा करंट लिमिटचा दिवा पेटला, म्हणजे बोर्ड नको इतका करंट ओढत होता. दुसऱ्याचंही तेच. तिसरा मात्र मुकाट्याने सुरू झाला. डिझाइन माझं, त्यामुळे संशय अर्थातच दुसऱ्यावर: व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरची बॅच खराब असणार!

तासाभराने चालणारा आणि न चालणारा असे दोन बोर्ड शेजारी ठेवले, तेव्हा दिसलं. दहा पिनांचा बॉक्स हेडर, म्हणजे केबल खोचायची प्लास्टिकची चौकट, दोन ओळींचा, पिनांमध्ये 2.54 मिमी अंतर असलेला. एका बोर्डावर त्याची खाच कडेकडे, दुसऱ्यावर आत. 40 पैकी 11 हेडर उलटे निघाले. असा हेडर फिरला की 1 नंबरच्या पिनेच्या जागी 10 नंबरची येते. माझ्याकडे 1 वर 5 व्होल्ट, 10 वर ग्राउंड; म्हणजे वीज उलटीच गेली. खाच केबलला उलटं बसू देत नाही, हे खरं. पण खुद्द हेडर बोर्डाच्या भोकांत दोन्ही बाजूंनी तितकाच छान बसतो.

जरा तावातच असेंब्लीत गेलो. तिथल्या ताईंनी रिकामा बोर्ड पुढे केला. "खूण दाखवा बघू." मी सिल्कस्क्रीनवरच्या, म्हणजे बोर्डावरच्या छपाईतल्या, एक नंबरच्या पिनेच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांनी हेडर ठेवला. ठिपका प्लास्टिकखाली गडप. "आता तपासायचं कसं?"

पिन सोल्डर करायचा चौकोनी पॅड होता की, असं मी पुटपुटलो. पण तो एक नंबरची पिन सांगतो, खाच सांगत नाही. हेडरवरचा एक नंबरची पिन दाखवणारा त्रिकोण तर काळ्यावर काळा; मलाही भिंगातून शोधावा लागला.

"उलटी केबलच बनवू," साहेब म्हणाले. चाललंही असतं. पण पुढे कुणीतरी साधी केबल लावली असती आणि बोर्ड जाळला असता. मी नाही म्हटलं. मग अकरा हेडरांचं प्लास्टिक उपटून एकेक पिन काढत बसलो. ग्राउंडच्या पिना उष्णता शोषून घेतात, त्यांनी सगळ्यात जास्त छळलं.

संध्याकाळी डिझाइन सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला हेडरचा फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावरचा त्याचा आराखडा, बदलला: हेडरची पूर्ण बाह्यरेषा, तीत खाच, आणि एक नंबरच्या पिनेशेजारी बाह्यरेषेबाहेर ठसठशीत त्रिकोण. छापील कागद ताईंना दाखवला. त्यांनी त्यावर हेडर ठेवून पाहिला, मान डोलावली, मग त्रिकोणाशेजारच्या कपॅसिटरवर नख टेकवलं.

"हा आडवा झोपवणार ना? मग त्रिकोण याच्याखाली जाईल."

कपॅसिटर 4 मिमी सरकवला.