सीईटीतला सतरा वर्षांचा मुलगा

कोल्हापुरात 18 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून, वकिलीच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे राज्याच्या विधी सीईटीची, चौकशी करायला पालक स्वतःहून येऊ लागले आहेत. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या क्लासला येणारी मुले मात्र पूर्वीचीच, म्हणजे तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून एसटीने येणारी. त्यांचे इंग्रजी सरावाने सुधारते, चालू घडामोडींसाठी रोजचे वर्तमानपत्र पुरते. अडते ते विधी अभियोग्यतेच्या प्रश्नांपाशी, आणि तिथेही हुशार मुलांचेच अधिक.

या प्रश्नांत आधी कायद्याचे एक तत्त्व दिलेले असते, मग एक घटना, आणि तेवढेच तत्त्व त्या घटनेला लावून उत्तर निवडायचे असते. मी फळ्यावर लिहितो : अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. सतरा वर्षांचा मुलगा वय वीस सांगून उधारीवर मोबाइल घेतो आणि हप्ते थकवतो. तर दुकानदाराला कराराच्या आधारे वसुली करता येईल का? बहुतेक हात 'येईल' म्हणून वर होतात. द्राक्षे उचलून पैसे न देताच पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या हकिकती ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना 'घेतले ते द्यावे' हाच कायदा वाटणार. तासगावकडच्या एका मुलीने तर थेट विचारले, "सर, मग कायदा खोटं बोलणाऱ्यालाच पाठीशी घालतो का?"

दिलेल्या तत्त्वात खोटे बोलण्याविषयी एक अक्षरही नाही, त्यामुळे उत्तर 'नाही' हेच, एवढे सांगून पुढे जाता आले असते. पण असा प्रश्न टाळणाऱ्याने कायदा शिकवू नये, असे मला वाटते. म्हणून मी मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष हा 1903 चा, ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा म्हणजे प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा सांगितला. त्यात अल्पवयीन तरुणाने केलेले गहाणखत रद्द ठरले आणि सावकाराला त्याने उसनी दिलेली रक्कमही परत मिळाली नाही; मात्र तरुणाचे वय सावकाराच्या माणसाला आधीच कळवलेले होते, हे ऐकल्यावर तिचा राग बराच निवळला. पुढे 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 33 ने, अशा व्यक्तीला झालेला लाभ परत करायला लावण्याची मुभा न्यायालयाला दिली. गंमत अशी, की हे सारे ठाऊक असलेला विद्यार्थी ते उत्तरात आणू लागला, तर त्याचाच गुण जातो.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे दिलेल्या तत्त्वापुरतेच थांबण्याची सवय लागेपर्यंतचे नुकसान मर्यादित राहते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी असलेल्या क्लॅटमध्ये मात्र दोन तासांत 120 प्रश्न असतात, प्रत्येक चुकीला पाव गुण जातो आणि तत्त्व लांबलचक इंग्रजी उताऱ्यात दडलेले असते. म्हणून ज्यांना दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांना मी सुरुवातीपासूनच तत्त्वाखाली पेन्सिलीने रेघ ओढायला लावतो.