‘फॉल्ट आढळला नाही’: एका एसएमपीएसच्या तीन कोल्हापूरवाऱ्या

माझ्या टेबलाच्या खणात पीसीच्या एसएमपीएसची, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या डब्याची, दोन पिवळी जॉबकार्डं आहेत. दोन्हींवर निळ्या पेनानं एकच ओळ लिहिलेली: ‘चेक केले, फॉल्ट आढळला नाही.’ अजूनही ती दिसली की डोकं तापतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मी सांगलीत वखारभागात घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, असलं. 2025 च्या एप्रिलात, ऐन पत्रिकांच्या हंगामात, पीसी दगा द्यायला लागला. काम चालू असताना ‘टक्’ असा आवाज यायचा, स्क्रीन काळी, पंखा थांबायचा आणि दोन सेकंदांनी मशीन आपलं आपण परत सुरू. कधी दिवसातून तीनदा, कधी चार दिवस काहीच नाही. साफ बंद पडला असता तर परवडलं असतं.

पहिल्यांदा ज्याला बोलावलं त्यानं विंडोज फॉरमॅट मारलं. सहाशे रुपये गेले, वर श्रीलिपी आणि कोरल परत बसवण्यात माझे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर 41’ दिसलं की बरेच जण फॉरमॅटच सुचवतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन न होता गेलं. का गेलं, ते त्यात नसतं. तिचा मला खरा उपयोग झाला तो वेळा कळायला. वहीत उतरवून घेतल्या तर बहुतेक वेळा दुपारी तीन ते सहा. माझी खोली वरची, पत्र्याची. मे महिन्यात तिथं माणूससुद्धा बंद पडेल.

मग रॅम काढून खोडरबरनं घासली, मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल बदलला, यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीतून सप्लाय दिला. फरक शून्य. यूपीएसची बॅटरी मात्र मेलेली निघाली, ते वेगळंच दुखणं. वायरमन आला, त्यानं भिंतीतला प्लग काढून बघितला. फेज-न्यूट्रल 230 व्होल्ट आणि फेज-अर्थ नव्वदच्या आसपास, म्हणजे अर्थिंग गेलेलं. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या त्या यामुळंच. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थोडा करंट बॉडीवर सोडतात, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपल्या बोटात. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. मीठ, कोळसा, चार बादल्या पाणी घातलं आणि झिणझिण्या थांबल्या. टक् काही थांबलं नाही.

शेवटी शेजारच्या मुलानं त्याचा एसएमपीएस तीन दिवस लावून दिला आणि तीन दिवस एकही टक् नाही. चोर सापडला. ऑगस्ट 2022 ची खरेदी, तीन वर्षांची वॉरंटी, अजून तीन महिने शिल्लक. मला वाटलं, संपलं सगळं.

सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात. सांगली स्टँडवरून एसटी, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले. बायकांना अर्धं तिकीट आहे हे नशीब. काउंटरवरच्या मुलानं चोवीस पिनांचा कनेक्टर एका छोट्या टेस्टरला लावला, तीन हिरवे दिवे लागले.

“ताई, चालू आहे की हा.”

“अहो दादा, चालूच असतो. मध्येच जातो. लोड टाकून, कामाला लावून बघा.”

“लोडवर बघायची इथं सोय नाही. दोन दिवस ठेवून जावा.”

ठेवून आले. चार दिवसांनी फोन, घेऊन जावा. पहिलं पिवळं कार्ड. परत लावला, त्याच दुपारी टक्. दुसऱ्या वेळी माझी वेळांची वही घेऊन गेले. त्यानं ती उलटी धरून चाळली, परत दिली आणि पुन्हा तेच तीन दिवे. माझी तक्रार काय, तर मशीन दुपारी तापल्यावर, पत्रिकेची मोठी फाइल पीडीएफ करताना जातं. त्याची तपासणी काय, तर एसी खोलीत, काहीही न जोडता, दहा सेकंद. उपाशी बैल उभा राहिला म्हणजे तो नांगर ओढेल असं थोडंच आहे! त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. वरचा आवाज लागला की समोरचा आणखी थंड होतो, एवढंच त्यातून मिळालं. दुसरं कार्ड.

येताना एसटीत मांडीवर ती पिशवी घेऊन बसले होते तेव्हा सुचलं, की आपण शब्द नेतोय, आकडा न्यायला हवा.

वायरमनकडून मल्टिमीटर आणला. डीसी 20 वर ठेवून काळी पिन मोलेक्स कनेक्टरच्या (एसएमपीएसमधून येणारा चार पिनांचा कनेक्टर) काळ्या वायरला, लाल पिन पिवळ्या वायरला. पिवळी म्हणजे 12 व्होल्ट, लाल म्हणजे 5. पाच टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे पिवळीवर 11.4 च्या खाली जायला नको. (पिना एकमेकींना टेकू देऊ नका. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, शिवाय स्टिकर फाटला की वॉरंटी गेली.) सुरुवातीला 12.05. अर्ध्या तासानं मोठी फाइल टाकली, 11.6, 11.3, 11.1, टक्. मीटर आणि मॉनिटर एकाच चौकटीत घेऊन मोबाइलवर सगळं शूट केलं. मशीन बंद पडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तिसऱ्या वारीला काउंटरवर काही बोललेच नाही. मोबाइल पुढं ठेवला. मुलानं पाहिला, आत गेला, एक वयस्कर साहेब बाहेर आले. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, “लोडवर टाकतो, बसा.” म्हणजे सोय होती! आत एक जुना पीसी होता, त्याला लावला. पन्नास मिनिटं मी खुर्चीत बसून होते. आतून टक् ऐकू आलं आणि मुलगा माझ्याकडं न बघता जॉबकार्ड लिहायला लागला.

एक राहिलंच. दुकानाचं बिल थर्मल कागदाचं होतं, तीन वर्षांत कोरं झालेलं. खरेदीच्या दिवशी मोबाइलवर फोटो काढला होता म्हणून वाचले. एसएमपीएसवरच्या सीरियल नंबरचाही फोटो देण्याआधी काढा, दुसऱ्याच कुणाचा परत आला तर सांगायला काहीतरी हवं.

बदली पीस अकरा दिवसांनी आला, तोवर पाऊस लागला होता आणि पत्रिकांचा हंगाम संपला होता. एसएमपीएस नवा, वॉरंटी मात्र जुनीच पुढं चालू, म्हणजे उरलेले दोन महिने. ती तारीख कॅबिनेटवर मार्करनं लिहून ठेवली आहे, आणि वायरमनचा मल्टिमीटर अजून परत केलेला नाही.