तारीख की तिथी?

आमच्या आजीचा वाढदिवस तिथीने असायचा. निम्मं घर तारखेला फोन करायचं, निम्मं तिथीला, आणि आजी दोन्ही वेळेला तेवढ्याच उत्साहाने "सुखी राहा" म्हणायची. परवा ग्रीसच्या २५ मार्चबद्दल वाचताना तीच आठवली, कारण तिथे तर अख्ख्या देशाचा हाच घोळ आहे.

२५ मार्च म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन. १८२१ मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव झाला, पात्रासच्या बिशप जर्मानोसने आगिया लावरा मठात झेंडा उभारला वगैरे गोष्ट तिथे पोरासोरांना पाठ. इतिहासवाले मात्र नाक मुरडतात, कारण कालामाता शहर तर उठाववाल्यांनी २३ तारखेलाच घेतलं होतं. पण २५ ला येशूच्या आईला, मेरीला, देवदूताने बाळाची बातमी दिली तो सण, मग १८३८ साली राजा ओथोनने हाच दिवस राष्ट्रीय सण म्हणून ठरवून टाकला, एका दगडात दोन पक्षी. ईस्टरच्या आधीचे उपास चालू असतात पण या दिवशी मासा चालतो, म्हणून घरोघरी खारवलेला कॉड, पाण्यात भिजवून मीठ काढलेला, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेला, आणि सोबत स्कोर्दालिया, म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून घोटलेला बटाटा नाहीतर पाव. लसूण किती, तर दुसऱ्या दिवशी कुणाशी जवळून बोलू नये इतका!

आता गंमत बघा. १८९६ ला अथेन्समध्ये पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं, ते मुद्दाम याच २५ मार्चला सुरू केलं, त्या वर्षी ईस्टरचा सोमवारही त्याच दिवशी आलेला. संगमरवरी स्टेडियम खचाखच भरलेलं, राजा जॉर्जने उद्घाटन केलं. पण आज कुठेही बघा, ६ एप्रिल लिहिलेलं असतं. कारण ग्रीस तेव्हा जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर, पश्चिम युरोपच्या १२ दिवस मागे. १९२३ ला त्यांनी नवीन कॅलेंडर घेतलं, १५ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला. मग ऑलिम्पिक गेलं नव्या तारखेला आणि स्वातंत्र्यदिन बसला जुन्या आकड्याला चिकटून, खरं तर हिशोब केला तर १८२१ चा तो दिवसही ६ एप्रिलच येतो, पण ते कोण कुणाला सांगणार, तळलेला मासा ताटात असताना.

१९२४ ला राजेशाही मोडून प्रजासत्ताक जाहीर करायचं होतं तेव्हाही त्यांनी २५ मार्चच पकडला, नव्या कॅलेंडरचा.

आणि उद्घाटनाच्याच दिवशी तिहेरी उडी जिंकणारा अमेरिकेचा जेम्स कॉनोली, आधुनिक ऑलिम्पिकचा पहिला विजेता, त्याची आणि त्याच्या सोबत्यांची एक गोष्ट सांगतात की ही मंडळी सरावाला अजून बारा दिवस आहेत अशा हिशोबात आरामात आली आणि पोचल्यावर कळलं, स्पर्धा उद्याच. खरी असो नसो, तिथीवाल्या घरात वाढलेल्या माणसाला पटते.