झटके खरे होते, मिरगी नव्हती

मिरगीच्या गोळ्या घेऊनही माझे झटके वाढत चालले, तेव्हा नागपूरच्या रामदासपेठेतल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी पहिला प्रश्न गोळ्यांबद्दल विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "झटका येतो तेव्हा डोळे उघडे असतात की मिटलेले?" मला ते कुठून ठाऊक असणार! माझ्या नवऱ्यालाही नक्की सांगता येईना. घरातल्या सगळ्यांनी झटके पाहिले होते, डोळ्यांकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मी हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. झटके सुरू झाले ते घरी, रविवारी दुपारी, जेवणं आटोपून निवांत बसले असताना. आधी बोटांना मुंग्या, कानात घूं आवाज, मग अंग थडथड उडायचं. माणसांचे आवाज दुरून ऐकू यायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. शेजारच्यांनी कांदा हुंगवला, कोणी चप्पल आणली. सासूबाई म्हणाल्या, "अवो, हे बाहेरचं दिसते, एकदा दाखवून तर पाहू." त्या घाबरल्या होत्या, त्यांना मी दोष देत नाही. एका दवाखान्यात अर्ध्या तासाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, निघाला, त्यात 'थोडा अब्नॉर्मल' असं आलं आणि लेव्हेटिरासिटॅम ही मिरगीची गोळी सुरू झाली. पुढे व्हॅल्प्रोएटची भर पडली. माझी चिडचिड इतकी वाढली की वर्गातल्या पोरांना माझी भीती वाटू लागली. एकदा रात्री झटका थांबेना म्हणून झोपेची इंजेक्शनं देऊन आयसीयूत ठेवलं. तिथे कोणीतरी म्हणालं, "नाटक आहे." तेही मला ऐकू आलं होतं, आणि त्याचा राग आजही गेलेला नाही.

मॅडमनी आम्हाला काम दिलं: पुढचा झटका मोबाइलवर टिपायचा. कसा, तेही नीट सांगितलं. अंगावरची चादर बाजूला करायची, चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसले पाहिजेत. नावाने हाक मारायची, "हात उचल" म्हणायचं, एखादा शब्द सांगून ठेवायचा. आणि अंग शांत झालं की कॅमेरा लगेच बंद करायचा नाही, पुढची काही मिनिटंही घ्यायची. नवऱ्याला हे फार कठीण गेलं. बायको तडफडत असताना फोन धरून उभं राहायचं! पण त्या व्हिडिओने जे सांगितलं ते आधीच्या सगळ्या रिपोर्टांनी सांगितलं नव्हतं.

डोळे घट्ट मिटलेले होते. मिरगीच्या मोठ्या झटक्यात ते बहुतेक वेळा उघडे राहतात. माझं डोकं "नाही, नाही" म्हणतात तसं डावी-उजवीकडे हलत होतं. हातपाय एका तालात उडत नव्हते. हालचाल मध्येच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, आणि हे कितीतरी मिनिटं चाललं. मिरगीचा सर्वांगाचा झटका साधारण दोन मिनिटांत ओसरतो आणि नंतर माणूस घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहतो. मी नंतर रडत होते. मात्र एकेका खुणेवर निदान करायचं नसतं, हे मॅडमनी बजावलं. लघवी होणं दोन्हींत दिसतं, लागणं-खरचटणं दोन्हींत होतं. जिभेच्या कडेला चावा बसणं मिरगीकडे जास्त झुकतं, पण ते नसलं म्हणजे मिरगी नाही असंही नाही.

मग व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे चित्रण आणि आलेख एकाच वेळी घेण्यासाठी, भरती झाले. डोक्यावर चिकट पेस्टने तारा बसवून वरून पट्टी गुंडाळली. समोर कॅमेरा, नवऱ्याच्या हातात बटण. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केल्या. संध्याकाळी झटका आला. सिस्टरने धावत येऊन कानाशी "पिवळं फूल" असं सांगितलं आणि नंतर विचारलं, तेव्हा मला ते आठवत होतं. मॅडमनी लगेच नवऱ्याला विचारलं, "घरी येतो तो हाच का?" हा प्रश्न महत्त्वाचा, कारण काहींना मिरगी आणि हे झटके दोन्ही असतात. मेंदूच्या पुढच्या भागातली काही मिरगी बाहेरून विचित्र दिसते आणि डोक्यावरच्या तारांना सापडतही नाही. म्हणून नुसत्या आलेखावर भिस्त ठेवत नाहीत.

आलेख त्यांनी आम्हा दोघांना स्क्रीनवर दाखवला. अंग हलत होतं तिथे स्नायूंच्या विजेने सगळं काळं झालेलं. पण हालचाल मध्येच थांबली होती, तिथल्या रेषा स्वच्छ होत्या. डोळे मिटून जाग्या असलेल्या माणसाची अल्फा लय, सेकंदाला ८ ते १३ लाटा. हाकेला ओ न देणाऱ्या माझा मेंदू जागा होता. मिरगीच्या मोठ्या झटक्यानंतर आलेख काही काळ मंदावतो, तसं माझ्यात काही नव्हतं. "काही सापडलं नाही, म्हणून मानसिक" असं हे निदान नाही. झटक्यांची ठेवण सापडली, जागा मेंदू सापडला, आणि दोन्ही एकमेकांशी जुळले.

मॅडम म्हणाल्या, "झटके खरे आहेत, तुम्ही मुद्दाम करत नाही. ही मिरगी नाही. याला डिसोसिएटिव्ह झटके म्हणतात आणि यावर उपचार आहेत." निदान असं सांगितलं गेलं म्हणून मी ऐकून घेऊ शकले. 'नाटक'वाल्याने तेच सांगितलं असतं तर मी तिथून उठून गेले असते. जर्मनीतल्या २००२ च्या एका अभ्यासात या निदानापर्यंत पोचायला रुग्णांना सरासरी सात वर्षांहून जास्त लागले होते. व्हिडिओ ईईजी सगळीकडे नसतो, म्हणून मिरगीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गटाने २०१३ मध्ये खात्रीच्या पायऱ्या ठरवून दिल्या: हकीकत, पाहणाऱ्याचं वर्णन, व्हिडिओ, साधा ईईजी. गडचिरोली-यवतमाळच्या गावांतल्या माणसांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

"तुला टेन्शन कसलं?" हे मात्र मला सतत विचारलं गेलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, बाबांसाठी बेड शोधत नागपूरभर फिरले होते, ते मी सायकॉलॉजिस्टला सांगितलं. त्यांनी तेवढंच कारण धरून ठेवलं नाही. सगळ्यांनाच मोठा आघात सापडतो असं नाही, म्हणाल्या, आणि ताण झटक्याच्या क्षणी दिसलाच पाहिजे असंही नाही. म्हणूनच माझे झटके निवांत दुपारी यायचे. आम्ही मुंग्यांपासून झटक्यापर्यंतच्या त्या थोड्या वेळावर काम केलं: श्वास लांबवायचा, पाय जमिनीवर दाबायचे, समोरच्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत अशा उपचाराने वर्षाअखेर झटक्यांची संख्या लक्षणीय कमी झाली नाही, पण रोजचं जगणं सुधारलं. माझंही तसंच आहे. झटके अजून येतात, पण शाळेत शिकवणं सुटलेलं नाही.

गोळ्या हळूहळू, ठरवून दिलेल्या क्रमानेच बंद झाल्या. व्हॅल्प्रोएट सुटल्याचा मला विशेष आनंद आहे, कारण आम्हाला मूल हवंय आणि गर्भाला ते घातक असतं. मुख्याध्यापकांना मी लिहून दिलं आहे: धरून ठेवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, शांतपणे बोलत राहा. हे माझ्यापुरतं. मिरगी असेल किंवा निदान झालेलं नसेल आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर थेट दवाखाना गाठायचा.

नागपुरात मानसोपचार विभाग मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, आहे, एम्सलाही आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.