आधी खिडकीतून बघा

जुना रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी लेन्सवरचा आकडा बघतो. एफ १.७ दिसलं, म्हणजे लेन्स भरपूर उजेड आत घेणारी, की त्याचा चेहरा उजळतो. माझा भाचा परवा असाच फोनवर विचारत होता, "मामा, कॅनोनेट घेऊ, यशिका घेऊ की रशियन? तिघांच्या लेन्सा भारी आहेत म्हणे." म्हटलं, लेन्सचं राहू दे रे, खिडकीतून काय दिसतंय ते सांग. तर खिडकीला डोळा लावायचं त्याला सुचलंच नव्हतं! नुसता आकडा बघून रेंजफाइंडर ठरवणं म्हणजे पत्रिका जुळली म्हणून मुलगी न बघताच होकार कळवणं.

कारण या जातीच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. समोर दोन खिडक्या असतात, एक मोठी, एक बारीक. बारीक खिडकीतलं चित्र आतल्या आरशावरून मोठ्या खिडकीच्या मधोमध एका पिवळसर ठिपक्यात येऊन पडतं. लेन्सची कडी फिरवली की ते सरकतं, आणि दोन चित्रं एकमेकांवर नेमकी बसली की फोकस झाला. तोफखान्यात आणि लढाऊ जहाजांवर अंतर मोजायला हीच युक्ती वापरत. १९२५च्या पहिल्या लायकामध्ये, म्हणजे त्या प्रसिद्ध जर्मन कॅमेऱ्यात, ही सोय नव्हती, अंतर अंदाजानं किंवा वेगळ्या यंत्रानं काढावं लागे. १९३२च्या लायका टूमध्ये ते यंत्र कॅमेऱ्याच्या पोटात गेलं आणि लेन्सशी जोडलं गेलं. आज लायकाच्या किमतीत बरी जुनी मोटार येते, म्हणून आपण जपानकडे आणि रशियाकडे वळायचं.

वळण्याआधी ठिपक्याची परीक्षा. कॅमेरा दूरच्या पाण्याच्या टाकीकडे किंवा मोबाइलच्या टॉवरकडे धरायचा आणि कडी अनंताच्या (∞) खुणेवर न्यायची. टॉवर एकच दिसला तर ठीक. दोन दिसले तर जोडणी हललेली आहे, ती सुधारणारा कारागीर गावात आहे का ते आधी बघा. रात्री चंद्रावरही हा प्रयोग छान होतो. ठिपकाच दिसत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. आतल्या आरशाचा मुलामा पन्नास-साठ वर्षांत उडत जातो. मोठ्या खिडकीच्या बाहेरून, अगदी मधोमध, काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला तर मागचं चित्र तेवढ्यापुरतं अंधारतं आणि ठिपका उठून दिसतो. जुगाड आहे, पण चालतो. मुंबईत बोरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हातात घेऊन बघता येतं, हा तिथे जाण्याचा खरा फायदा. भावात तिथेही कोणी कोणाला सोडत नाही.

आता तिघे उमेदवार. यशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६चा, ४५ मिलिमीटरची लेन्स, वजन पाऊण किलोच्या आसपास. गळ्यात घातला की मान आपोआप नम्र होते. याची खिडकी मोठी आणि उजळ, आतली चौकट फोकसबरोबर सरकते, त्यामुळे जवळून काढताना डोकी कापली जात नाहीत. लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवतो. लाल दिवा लागला तर उजेड जास्त, पिवळा लागला तर हात स्थिर ठेवा. पण सेल काढला की याची सगळी बुद्धी संपते, मग शटर एकाच वेगानं, साधारण सेकंदाच्या पाचशेव्या भागात पडतं. शिवाय आत रबराची एक इवलीशी गादी असते, ती वयानं कुजते. रोल पुढे घेताना खट्‌ असा जाडसर आवाज आला तर गादी शाबूत. आवाज आला नाही तर दुकानदार काहीही म्हणो, कॅमेरा खाली ठेवा.

कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री १९७२चा. त्याच्या घराण्याची सुरुवात १९६१ची. लायकाची हौस पण खिसा साधा, अशा लोकांसाठी कॅननने वीस हजार येनांच्या आत पहिला कॅनोनेट आणला होता. जीथ्रीची लेन्स ४० मिलिमीटरची, आकार आटोपशीर, आणि सेल नसतानाही शटरचे सगळे वेग चालतात, फक्त उजेडाचं माप आपल्याला यायला हवं. ते काही कठीण नाही. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ आणि वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याइतका (२००ची फिल्म तर सेकंदाचा दोनशेवा भाग), एवढं पाठ असलं की दुपार निभावते. सेलची गंमत मात्र सांगायलाच हवी. मूळ सेल पाऱ्याचे, १.३५ व्होल्टचे. पाऱ्याचे ते सेल आता बंद झाले. त्यांच्या बराच जवळ जातो तो कानाच्या मशिनचा ६७५ नंबरचा सेल, १.४ व्होल्टचा. घेरानं लहान, म्हणून भोवती रबरी कडं लावायचं. त्याचा कागद सोलला की हवा लागते आणि तो वापरा किंवा नका वापरू, संपायला लागतो. आजोबांच्या मशिनची डबी घरात असेल तर आधी विचारून घ्या.

तिसरा झोर्की ४. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये १९५६ ते १९७३ असा बनत राहिला, म्हणून अजून स्वस्तात मिळतो. लेन्स बदलता येते. चष्मेवाल्यांसाठी खिडकीचा नंबर जुळवायची सोयही यात आहे, आणि माझ्यासारख्याला ती एकच गोष्ट भुरळ घालायला पुरे. पण याचा एक कायदा आहे. शटरचा वेग बदलायचा तो रोल पुढे घेतल्यानंतरच, आधी बदलाल तर आतली यंत्रणा मोडते. आणि शटरचा पडदा कापडी. भर उन्हात झाकण न लावता ठेवला तर लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करते आणि पडद्याला भोक पडतं. जाता जाता, कोणी सोनेरी, गरुड कोरलेला 'जर्मन लष्करी लायका' स्वस्तात दाखवला तर हसून पुढे जा. अशा बऱ्याच लायका जन्मानं झोर्की नाहीतर फेड, म्हणजे दुसरा सोव्हिएत कॅमेरा, असतात.

बुरशीबद्दल आपल्याकडे वेगळं सांगायला नको. मुंबईचे आणि कोकणातले चार पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये कोळिष्टकासारखी नक्षी असते. मागचं दार उघडायचं, शटर 'बी'वर (खटका दाबलाय तोवर उघडं राहतं ते) दाबून धरायचं, आणि समोरून मोबाइलची बॅटरी मारून मागून लेन्समध्ये बघायचं. लेदरची केस फुकट देतो म्हणाले तरी नको म्हणा, ओल धरून बुरशी पोसायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, तेवढं बस.

मग घ्यायचा कुठला? पैसे पुरत असतील तर कॅनोनेट, आणि त्याचं कारण पुन्हा खिडकीच आहे. झाकण काढायचं विसरलात तरी रेंजफाइंडरच्या खिडकीत जग लख्खच दिसत राहतं. यशिकाचं उजेड मोजणारं भिंग लेन्सपासून दूर, वर अंगावर असतं. झाकण आहे की नाही हे त्याला कळायचं कारणच नाही. अख्खा रोल तो आनंदानं कोरा काढून देईल. कॅनोनेटचं भिंग लेन्सच्या कड्यातच बसवलेलं. झाकण राहिलं तर त्याला काळोख दिसतो आणि ऑटोवर खटका दाबलाच जात नाही. खटका अडला की नवशिका आधी दुकानदाराला शिव्या घालतो, मग झाकण बघतो. भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण मामा, यशिका दिसायला भारी आहे." मग घे बाबा यशिका. झाकण मात्र दुकानातच देऊन ये आणि लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर बसवून घे.