आईचा हरवलेला चष्मा

आज चष्म्याने वाचवलं. नाहीतर आधारचे बाराही आकडे आईने फोनवर कधीच सांगून टाकले असते.

समोरचा काय गोड बोलत होता! "मावशी, तुमचा हयातीचा दाखला अडकलाय. आज झाला नाही तर पेन्शन बंद." नोव्हेंबर चालू, म्हणजे पेन्शनसाठी जिवंत असल्याचा हा दाखला द्यायचाच महिना, त्यामुळे तिला खरंच वाटलं. कार्ड डाळीच्या डब्याखालून काढलं (तिची तिजोरी तीच), पण आकडे दिसेनात, म्हणून मला हाक. मी फोन घेऊन "कुठल्या शाखेतून?" एवढंच विचारलं. खट्. फोन बंद.

मग चहा पिता पिता बोललो. दाखला बँकेत, पोस्टात, नाहीतर घरी मोबाइलला चेहरा दाखवूनही होतो. त्यासाठी अनोळखी माणसाला ओटीपी सांगायचा नसतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. एमआधार या आधारच्या मोबाइल ॲपवर तिचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे, चेहरा) लॉक केलं. दाखल्याच्या दिवशी ते आठवणीने उघडायला लागेल, नाहीतर मलाच शिव्या. फ्रिजवर मोठ्या अक्षरात १९३० लिहिलं, सायबर तक्रारीचा नंबर.

रात्री जेवताना आई म्हणते, "पण मावशी म्हणाला रे तो."

चष्मा फ्रिजवरच होता.